मागचा बाक

फिनॉल्फ्थॅलीन हे नाव आमच्या मुलांच्या तोंडात बसत नसे, म्हणून वर्गात मी त्याला 'गुलाबी औषध' म्हणायचो. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात त्याचे दोन थेंब टाकले की पाणी सरबतासारखं गुलाबी होतं, वरून लिंबू पिळलं की पुन्हा स्वच्छ. १९९४ च्या हिवाळ्यात, यवतमाळातल्या ज्या शाळेत मी विज्ञान शिकवायचो तिथं अंधश्रद्धा निर्मूलनाचा कार्यक्रम ठरला. बाहेरून येणारे कार्यकर्ते काही आले नाहीत, आणि मुख्याध्यापकांनी तो माझ्या गळ्यात घातला. मीही हौसेनं तयारी केली. जास्वंदीच्या पाकळ्या चोळून वाळवलेल्या सुरीनं लिंबू कापून 'रक्त' काढलं. पोटॅशियम परमँगनेटवर ग्लिसरीन सोडून काडीशिवाय जाळ केला. शेवटी ठेवणीतला प्रयोग म्हणून चंबूतल्या पाण्याचं सरबत करून दाखवलं. टाळ्या पडल्या. मी फळ्यावर ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'प्रत्येक चमत्कारामागे कारण असते.'

मागच्या बाकावरून नववीतला एक पोरगा उठला. आमच्याच ख्रिस्ती मंडळीतला, दर रविवारी संडे स्कूलला माझ्यासमोर बसणारा.

"सर, मंग काना गावच्या लग्नात येशूनं काय टाकलं होतं?"

वर्गातल्या बाकीच्या मुलांना काना गाव कुठलं हे माहीत असायचं कारण नव्हतं. पण मास्तर अडकले, हे मुलांना बरोबर कळतं. हसू फुटलं. मी म्हणालो, "तो धडा वेगळा आहे. बस खाली." तो बसला. मी फळा पुसला, आणि पुसताना लक्षात आलं की आपण वर्गात खोटं बोललो नाही, पण खरंही बोललो नाही.

ज्यांना ही गोष्ट ठाऊक नाही त्यांच्यासाठी. योहानाच्या शुभवर्तमानात गालीलातल्या काना गावी एक लग्न आहे. द्राक्षारस संपतो, घरच्यांची अब्रू जायची वेळ येते. येशू सहा दगडी रांजण पाण्यानं काठोकाठ भरायला सांगतो आणि त्यातलं पाणी काढून भोजनकारभाऱ्याकडे पाठवतो. तो चाखून म्हणतो, उत्तम द्राक्षारस तुम्ही आतापर्यंत राखून ठेवला होता. त्या रांजणांचं माप आजच्या हिशेबात पाचशे ते सातशे लिटर भरतं. घरी जाऊन मी विज्ञान शिक्षकाच्या खोडीनं गणित मांडलं. फिनॉल्फ्थॅलीन पूर्वी जुलाबाचं औषध म्हणून विकलं जायचं, तेव्हा तेवढं रंगवलेलं पाणी प्यालेल्या वऱ्हाड्यांचं काय झालं असतं, या विचारानं एकटाच हसलो. पण खरा प्रश्न रंगाचा नव्हताच. पाण्यात हायड्रोजन आणि ऑक्सिजन. द्राक्षारसात अल्कोहोल, साखर, आम्लं, म्हणजे कार्बन. हा कार्बन आला कुठून?

संत ऑगस्टीननं पंधरा-सोळाशे वर्षांपूर्वी यावर एक तोड काढून ठेवली आहे. देव दरवर्षी वेलींमधून पावसाच्या पाण्याचा द्राक्षारस करतोच आहे. रोज घडतं म्हणून त्याचं आपल्याला काही वाटत नाही. तोड सुंदर आहे. वेल हवेतला कार्बन ओढून घेते, ऊन साखर करतं, किण्व अल्कोहोल करतं, अशी भरही आज आपण त्यात घालू शकतो. पण त्या पोरानं वेलींबद्दल विचारलं नव्हतं. रांजणांबद्दल विचारलं होतं.

माझे आजोबा ख्रिस्ती झाले ते मिशनच्या काळात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्री मेथडिस्ट मिशन यवतमाळकडे आलं. शाळा, वसतिगृहं, दवाखाने निघाले. पुढे १९५३ साली इथंच युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली आणि देशभरातले तरुण धर्मशास्त्र शिकायला कापसाच्या या गावात येऊ लागले. १९८३ साली ती पुण्याला गेली. मी लहान असताना केरळी, नागा, मिझो विद्यार्थी बाजारात वांगी घेताना मोडक्या मराठीत घासाघीस करायचे, आणि भाजीवाली बाई त्यांना "घे रे लेका" म्हणत एखादं वांगं जास्त टाकायची.

बाबा मिशनच्या एका दवाखान्यात कंपाउंडर होते. तेव्हाच्या काचेच्या सिरिंजा आणि सुया उकळून पुन्हा वापरायच्या असत. सकाळी पहिल्या इंजेक्शनआधी दवाखान्यात प्रार्थना व्हायची. एकदा एक नवा मदतनीस घाईघाईनं प्रार्थनेला येऊन उभा राहिला, तेव्हा बाबांनी त्याला परत पाठवलं. "आधी सुई उकळून ये. वीस मिनिटं, घड्याळ लावून. मग आमेन म्हण." हे वाक्य आमच्या घरात म्हणीसारखं झालं. परीक्षेच्या सकाळी मी जरा जास्त वेळ गुडघे टेकून राहिलो की आई स्वयंपाकघरातून विचारायची, "सुई उकळली का रे?"

बाबांना विज्ञान आणि धर्म यांचा मेळ घालावा लागतोय असं कधी वाटल्याचं मला आठवत नाही. दोन्ही त्यांच्याकडे एकाच पगारात होती. मेळ घालायची वेळ माझ्यावर आली, कारण मी बी.एस्सी. झालो.

खरं तर हा वाद मराठीत माझ्या किती तरी आधी होऊन गेला आहे, आणि त्यात आमची बाजू काही फार देखणी दिसत नाही. १८३१ साली मुंबईत मिशनरी जॉन विल्सन आणि मोरभट दांडेकर यांचा वाद झाला. १८५७ साली विष्णुबावा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी भिडले. त्या काळच्या मिशनरी पत्रकांचा एक ठरलेला डाव असे. पुराणातला मेरू, क्षीरसागर, अगस्तीनं पिऊन टाकलेला समुद्र हे सगळं पाश्चात्त्य भूगोल-खगोलाच्या मोजपट्टीनं मोजायचं आणि खोटं ठरवायचं. शास्त्री मंडळीही काही दूधखुळी नव्हती. हीच मोजपट्टी तुमच्या पवित्र शास्त्राला लावा, असं त्यांचं म्हणणं. समुद्र दुभंगतो, सूर्य थांबतो, कुमारीच्या पोटी मूल येतं, त्याचं काय? प्रश्न रास्त होता. दुसऱ्याच्या घरी विज्ञानाचा कंदील घेऊन जायचं आणि आपल्या दारात आल्यावर फुंकर मारायची, हा अप्रामाणिकपणा आहे. १९९४ साली मी वर्गात तेच केलं. माझी फुंकर होती, "बस खाली."

एक गंमत सांगतो. चमत्कारांविरुद्धचा सगळ्यात धारदार युक्तिवाद १७४८ साली डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञानं मांडला. आणि मराठी ख्रिस्ती इतिहासात ह्यूम म्हटलं की आठवतात ते अहमदनगरचे मिशनरी रेव्हरंड रॉबर्ट ॲलन ह्यूम, जिथं रेव्हरंड नारायण वामन टिळक शिकवत त्या धर्मशिक्षणाच्या शाळेशी जन्मभर जोडलेले. एक ह्यूम चमत्कार मोडीत काढणारा, दुसरा चमत्कारांच्या पुस्तकाचा प्रचारक. लहानपणी मला ते एकच वाटायचे, आणि एवढ्या भल्या माणसानं असं का लिहिलं असेल याचं मला वाईट वाटायचं.

तत्त्वज्ञ ह्यूमचं म्हणणं साध्या भाषेत असं. कोणी येऊन सांगितलं की मेलेला माणूस उठला, तर दोन शक्यता तोलून पाहा. माणूस खरोखर उठला, की सांगणाऱ्याची चूक किंवा फसगत झाली? निसर्गाचा नियम आपण अगणित वेळा पाहिलेला असतो. माणसाची चूकही अगणित वेळा पाहिलेली असते. तेव्हा पारडं कुठं झुकतं ते उघड आहे. रोजच्या जगण्यात मी हा नियम पाळतो, आणि प्रत्येक विश्वासणाऱ्यानं पाळावा असं मला वाटतं. वाळूत तेल सापडलं, फोटोतून राख पडली, अमक्या पाळकानं फोनवर प्रार्थना केली आणि मुतखडा विरघळला, हे ऐकलं की मी आधी सोनोग्राफीचा कागद मागतो. आमच्या मंडळीत यावरून माझी थट्टा होते.

मला चीड येते ती वेगळ्याच लोकांची. क्वांटम सिद्धांताचं नाव घेऊन पाण्यावर चालणं खपवणाऱ्यांची. इलेक्ट्रॉन कुठं आहे ते नक्की सांगता येत नाही, म्हणून पेत्र बुडाला नाही! ज्यांनी आयुष्यात एक समीकरण सोडवलं नाही ते व्यासपीठावरून श्रोडिंगरचं नाव घेतात. यानं देवाचा मान वाढत नाही आणि पदार्थविज्ञानाचाही नाही.

२०१२ साली मुंबईत, विलेपार्ल्याच्या इर्ला भागात, एका चर्चजवळच्या क्रुसावरच्या येशूच्या पायातून पाणी ठिबकू लागलं. लोक बाटल्या घेऊन आले. विवेकवादी सनल एडामरुकू यांनी तिथं जाऊन पाहिलं आणि सांगितलं की मागची मोरी तुंबली आहे; भिंतीतून आणि लाकडातून केशाकर्षणानं पाणी चढतंय. केशाकर्षण म्हणजे कंदिलाची वात तेल ओढते ते, आठवीचा धडा. त्यांच्यावर धार्मिक भावना दुखावल्याच्या तक्रारी झाल्या आणि ते फिनलंडला निघून गेले. यवतमाळात आम्ही प्रॉटेस्टंट लोकांनी ही बातमी वाचून मनातल्या मनात जरा मिशीवर ताव दिला. आमच्याकडे मूर्तीच नाही, तर पाय कुठले आणि ठिबकणार काय! पण आमच्याकडे चंगाई सभा, म्हणजे आजार बरे करण्याच्या प्रार्थनासभा, आहेत. तेलाच्या बाटल्या आहेत. मांडवात व्हीलचेअर ढकलत नेऊन माणसाला बळंच उभं करणारे स्वयंसेवक आहेत. तो माणूस चार पावलं चालतो, बँड वाजतो, आणि मांडवामागे तो पुन्हा खुर्चीत बसतो हे कोणी बघत नाही. मी एकदा बघितलं आहे. त्याच्या पायातली एक चप्पल स्टेजवरच राहिली होती. ती आणून देणारं कोणी नव्हतं, म्हणून मी दिली.

अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीतल्या नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला २० ऑगस्ट २०१३ ला. त्याच आठवड्यात जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला, डिसेंबरात कायदा झाला. तथाकथित चमत्कार दाखवून लोकांना फसवणं, त्यावर पैसा कमावणं, दहशत बसवणं हा त्यातला गुन्हा. आमच्यातले काही जण धास्तावले होते, आता प्रार्थनाही बंद पडते की काय म्हणून. मी म्हणालो, येशूनं चमत्कारावर पैसा कुठं घेतला? उलट बऱ्या झालेल्या माणसाला तो कित्येकदा बजावतो, कोणाला सांगू नकोस. परुश्यांनी चिन्ह मागितलं तेव्हा त्यानं सरळ नकार दिला. कलम लागेल ते आपल्याला, त्याला नाही.

'चिन्ह' हा शब्द मुद्दाम वापरला. मराठी पवित्र शास्त्रात आपल्या रोजच्या 'चमत्कार' शब्दाच्या जागी बरेचदा 'चिन्हे आणि अद्भुते' अशी जोडी येते. योहान तर कानाच्या गोष्टीला चिन्हच म्हणतो. 'चमत्कार' हा मुळात आपल्याकडे काव्यशास्त्रातला शब्द. कविता वाचून मन एकदम थरारून जातं, तो चमत्कार. तिथं आश्चर्य हाच शेवट. चिन्ह तसं नाही. आर्णीकडे जाणाऱ्या रस्त्यावरची मैलाची पाटी बघून कोणी तिथंच मुक्काम करत नाही. मला वाटतं आपली निम्मी भांडणं पाटी खरी की खोटी यावर होतात, आणि गाव कुठलं हे विचारायचं राहून जातं. नारायण वामन टिळकांचंच बघा. १८९३ च्या सुमारास राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशानं त्यांना नवा करार दिला. त्यांना धरून ठेवलं ते डोंगरावरच्या प्रवचनानं. पाण्यावर चालण्यानं नव्हे.

आणि शुभवर्तमानं नीट वाचली तर त्यात चौकशीही आहे, अगदी पंचनामा म्हणावा अशी. योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाला दृष्टी येते. लगेच साक्षीपुरावा सुरू. शेजाऱ्यांना विचारतात, हाच तो का? कोणी म्हणतं हाच, कोणी म्हणतं याच्यासारखा दिसतो. आईबापांना बोलावतात. ते म्हणतात, मुलगा आमचा, जन्मापासून आंधळा होता, आता कसं दिसू लागलं आम्हाला माहीत नाही, त्यालाच विचारा, तो वयात आलाय. घाबरलेले आईबाप हुबेहूब आपल्या गावातले. त्या माणसाची उलटतपासणी होते तेव्हा तो जेवढं माहीत आहे तेवढंच सांगतो. आंधळा होतो, आता दिसतं. त्यावर सिद्धांत मांडत नाही. प्रयोगवहीत निरीक्षण आणि निष्कर्ष असे दोन रकाने असतात, आणि मुलं नेहमी निष्कर्ष आधी भरून निरीक्षण त्याला जुळवतात. हा आंधळा त्यातला नव्हता.

कुष्ठरोग्यांचंही तसंच. येशू त्यांना बरं करतो आणि म्हणतो, जाऊन याजकाला दाखवा. म्हणजे ज्याच्याकडे तपासायचा अधिकार त्याच्याकडून शिक्का आणा. जुन्या करारात लेवीय पुस्तकात या तपासणीचे नियम पानंच्या पानं आहेत. डाग त्वचेपेक्षा खोल आहे का, केस पांढरे झाले का, सात दिवस वेगळं ठेवा, पुन्हा बघा. त्यात घराच्या भिंतीवरचे डागसुद्धा येतात. म्हणजे त्यांचा 'कुष्ठ' आणि हॅन्सननं १८७३ साली नॉर्वेत शोधलेल्या जंतूचा कुष्ठरोग एकच नव्हे. पण पद्धत बघा. आधी पाहा, थांबा, पुन्हा पाहा.

विदर्भात कुष्ठरोग ही पुस्तकातली गोष्ट कधीच नव्हती. अमरावतीला शिवाजीराव पटवर्धनांचं तपोवन, वरोऱ्याला बाबा आमट्यांचं आनंदवन, अचलपूरकडे मिशनचं कोठारा. माझे बाबा डॅप्सोनच्या गोळ्या मोजून द्यायचे. नंतर १९८० च्या दशकात तीन औषधांचा बहुविध उपचार आला, रिफॅम्पिसिन, क्लोफॅझिमिन आणि डॅप्सोन. क्लोफॅझिमिननं कातडी तांबूस-काळी पडायची आणि बायका तक्रार करायच्या. हा जंतू इतका संथ की दुप्पट व्हायला त्याला जवळजवळ दोन आठवडे लागतात. म्हणून औषधही महिनोन्महिने. पण शेवटी तो मरतो. हजारो वर्षं ज्याला देवाचा शाप म्हटलं, तो गोळ्यांच्या पाकिटानं जातो. बाबा याला चमत्कार म्हणत नसत. ते म्हणत, "बरा झाला." एवढंच. आणि मग हळू आवाजात, "बोटं मात्र परत येत नाहीत."

ते वाक्य मला फार पुढे उपयोगी पडलं. ते नंतर.

त्याआधी पाण्याची आणखी एक गोष्ट. कळंबच्या चिंतामणीचं देऊळ जमिनीच्या पातळीखाली आहे. पायऱ्या उतरून जावं लागतं. समोर कुंड आहे, आणि काही वर्षांनी, लोक बारा म्हणतात, त्यातलं पाणी आपोआप वर चढून गणपतीच्या चरणांना लागतं. माझ्या शाळेतले भूगोलाचे सर, वर्गात बेसॉल्टच्या भेगा, भूजल, पातळी सगळं उत्तम शिकवणारे, पाणी आल्याची बातमी लागली की सकुटुंब कळंबला जात. मी एकदा डिवचलं. ते म्हणाले, "पाणी कुठून येतं ते मला कळतं हो. पण बायको विचारते, आलं तर भेटायला नको का जायला?" मला याला उत्तर सुचलं नाही, आणि नंतर सुचावं असंही वाटलं नाही. निर्गमच्या पुस्तकात समुद्र दुभंगतो तिथंही लिहिणाऱ्यानं वाऱ्याचा उल्लेख दडवलेला नाही. रात्रभर पूर्वेचा जोराचा वारा वाहिला, असं तो सांगतो. कारण सांगितल्यानं त्याचं आश्चर्य कमी झालेलं दिसत नाही.

म्हणजे 'हे घडलं कसं' या प्रश्नाशी मी इतक्या वर्षांत बऱ्यापैकी जुळवून घेतलं होतं. निसर्गाचे नियम ही आपण केलेली नोंद आहे. ती भरवशाची नोंद आहे, म्हणूनच अपवाद अपवाद म्हणून ओळखू येतो. अपवाद घडू शकतो का, हे नोंदवहीतून सिद्ध होत नाही. घडला असं म्हणणाऱ्यानं तपासणीला तयार असावं. वाद तिथं संपला असं मी धरून चाललो होतो.

मग २०१७ चा पावसाळा आला.

त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली होती. बोंडअळी आणि रसशोषक किडींसाठी लोक दोन-तीन औषधं एकत्र कालवून फवारत होते, आणि उंच झाडावर फवारताना तुषार तोंडावर यायचा. ऑगस्ट ते ऑक्टोबर, जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. दवाखान्यात गेलेले शेकड्यांनी. आमच्या मंडळीतली दोन माणसं एकाच रात्री भरती झाली. एकाच शेतात, एकाच दिवशी फवारणीला गेलेली.

रसायन मला माहीत होतं. ऑर्गॅनोफॉस्फेट शरीरातलं एक विकर अडवून टाकतं. नसांचा निरोप संपायचा तो संपत नाही. लाळ, घाम, छातीत पाणी, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. उतारा ॲट्रोपिन, छाती मोकळी होईपर्यंत देत राहायचं. ॲट्रोपिन चढलं की माणूस बरळतो, हवेत बोटं चालवतो. वॉर्डात मी पाहिलं, दोघंही हवेतून काही तरी चिमटीत धरून ओढत होते. जवळ बसलेली एक म्हातारी म्हणाली, "कापूस येचून रायले पोट्टे."

मंडळीनं साखळी प्रार्थना धरली. दर तासाला एक घर, रात्रंदिवस. पहाटे दोनची वेळ माझी होती. तिसऱ्या दिवशी एक गेला. दुसरा आठव्या दिवशी घरी आला.

रविवारी उपासनेत साक्ष झाली. बरा झालेला उभा राहिला, अजून अशक्त, खांबाला धरून. म्हणाला, "डाक्टरनं त हात टेकले होते. पण देवानं मले मरणाच्या दाढेतून ओढून काढलं." लोक 'हालेलुया' म्हणाले. मीही म्हणालो; तोंडातून गेलंच. मग नजर मागे गेली. मागच्या बाकावर गेलेल्याची बायको बसली होती, मांडीवर दीड-दोन वर्षांचं पोर. ती त्या पोराच्या स्वेटरचं बटण लावत होती. लावायची, काढायची, पुन्हा लावायची. गीत सुरू झालं तेव्हा तीही उभी राहिली.

बाहेर आल्यावर तिनं मला सलाम केला आणि म्हणाली, "गुरुजी, प्रार्थना त आमीबी केली होती." तक्रारीचा सूर नव्हता. शिक्षकाच्या नजरेतून एखादी गोष्ट सुटली असेल तर लक्षात आणून द्यावी, तसं.

तिचा प्रश्न विज्ञानाचा नाही. विज्ञानाकडे उत्तर आहे. कोण कुठल्या ओळीतून गेला, वारा कुठून होता, कोणाच्या पंपात कुठलं मिश्रण होतं, दवाखान्यात कोण किती वाजता पोचला. हे उत्तर पूर्ण आहे आणि त्यात तिच्यासाठी काही नाही. पण आमच्या साक्षीतही तिच्यासाठी काही नव्हतं. उलट 'देवानं मले ओढून काढलं' या वाक्याचा दुसरा अर्धा भाग तिच्या पदरात पडला, आणि आम्ही तो गाऊन दिला. चमत्काराची खरी अडचण मला त्या दिवशी कळली. नियम मोडला गेला की नाही, ही ती नव्हेच. एकासाठी मोडला आणि शेजारच्यासाठी नाही, ही ती.

घरी येऊन शुभवर्तमान उघडलं. बेथेसदाच्या तळ्याकाठी आजारी माणसांची गर्दी पडलेली आहे, आंधळे, लंगडे, लुळे. येशू येतो आणि अडतीस वर्षं पडलेल्या एकालाच उठवतो. बाकीचे? त्यांच्याबद्दल एक अक्षर नाही. लूकमध्ये तो स्वतःच नासरेथकरांना सुनावतो, की अलीशा संदेष्ट्याच्या काळी इस्राएलात कुष्ठरोगी पुष्कळ होते, शुद्ध झाला तो एकटा नामान, तोही परदेशी. हे ऐकून लोक इतके भडकतात की त्याला कड्यावरून लोटायला नेतात. इतकी वर्षं मी हा उतारा संडे स्कूलात शिकवत होतो आणि लोक का भडकले ते मला समजत नव्हतं. आता समजलं. मीही कदाचित त्या कड्यापर्यंत त्यांच्याबरोबर चालत गेलो असतो.

फ्रान्सात लूर्द इथं १८५८ पासून लोक बरं व्हायला जातात. तिथं डॉक्टरांचं मंडळ आहे, कागद तपासतं, वर्षानुवर्षं वाट पाहतं. बरे झाल्याचे दावे हजारोंनी आले. चर्चनं आजवर चमत्कार म्हणून मानलेले सत्तरच्या थोडे पुढे. काही लोक हा आकडा विज्ञानाचा विजय म्हणून सांगतात, काही श्रद्धेचा. मला त्यात दिसतात ते परतीच्या गाडीत बसलेले बाकीचे सगळे.

मग पुनरुत्थानाचं काय, असं माझा जावई विचारतो. तो इंजिनियर आहे आणि त्याला आडवळण चालत नाही. तेही एक चिन्हच का? मी सांगतो, नाही, तिथं मी मानतो. तिसऱ्या दिवशी कबर रिकामी होती असं मानतो. ह्यूमच्या तराजूत माझं पारडं हलकं आहे हे मला माहीत आहे, वजनासाठी चोरून बोट लावायची माझी इच्छा नाही. प्रयोगशाळेत ते दाखवता येणार नाही आणि मी दाखवायला जाणारही नाही. पण त्या गोष्टीतला एक तपशील मला सोडत नाही. उठलेल्या देहावर खिळ्यांच्या खुणा तशाच आहेत. एवढं सगळं करणाऱ्याला त्या पुसायला कितीसा वेळ लागला असता? बाबांचं वाक्य आठवतं. बोटं परत येत नाहीत.

त्यानंतर मी मंडळीच्या बैठकीत एवढंच म्हटलं की साक्ष द्या, जरूर द्या, पण उभं राहण्याआधी एकदा मागच्या बाकाकडे बघा. एक जण म्हणाला, मग तर कोणी बोलूच शकणार नाही. पाळकसाहेब काही बोलले नाहीत. पुढच्या रविवारी त्यांनी साक्षीच्या वेळात आधी गेलेल्यांची नावं वाचली. त्यानं काही सुटलं असं नाही. ती बाई नंतर माहेरी गेली, पांढरकवड्याकडे.

मागच्या वर्षी वणीला एका लग्नात तो नववीतला पोरगा भेटला. पोरगा कसला, चाळिशी ओलांडलेला, पोट सुटलेलं. कोळशाच्या खाणीवर डंपर चालवतो. पाया पडला. मी त्याला फिनॉल्फ्थॅलीनची आठवण दिली, काना गावाची, त्याच्या प्रश्नाची, मी दिलेल्या नाही-उत्तराची. तीस वर्षं मी ते सांभाळलं होतं. तो बघतच राहिला. "मी इचारलं होतं? नाई जी सर, मले त कायी आठवत नाई. दुसरा कोणी असन."

जेवणं चालली होती. मांडवातलं पाणी संपलं होतं आणि केटररचा माणूस जार आणायला पळत होता. माझा जुना विद्यार्थी खुर्ची जवळ ओढून बसला. "सर, मायची शुगर लई वाढली. पायाले जखम झाली, भरूनच नाई रायली. प्रार्थना कराल का?"

"गोळ्या चालू आहेत ना?"

"हाय नं."

"बघू."

त्यानं खिशातून घडी घातलेली चिठ्ठी काढली, तिच्यात गोळ्यांचं रिकामं पाकीट होतं. मी चष्मा लावला. नाव वाचलं, तारीख वाचली, दिवसातून किती वेळा ते विचारलं. जखमेची पट्टी कोण बदलतं ते विचारलं. सून बदलते म्हणाला. हात धुऊन? त्याला माहीत नव्हतं. त्यानं तिथूनच फोन लावला, आणि मांडवातल्या बँडच्या आवाजात सुनेला ओरडून विचारलं. मग फोन खिशात टाकून, पत्रावळीवरचा बुंदीचा लाडू बाजूला सारून, त्यानं डोळे मिटले.